कुंडीतली माती लगेच सुकते आणि रोप खुंटते : दोष शोधण्याचा क्रम

आधी लक्षणे पाहू. सकाळी पाणी घातलेल्या कुंडीतली वरची माती दुसऱ्या सकाळी फिकट व भुरभुरीत दिसते आणि बोट टेकवले तर धूळ लागते. पाणी ओतताक्षणी ते बुडाच्या छिद्रातून ताटलीत उतरते, किंवा याच्या अगदी उलट, मातीवर बराच वेळ तळे साचून राहते. माती आणि कुंडीची कड यांच्यामध्ये काडी जाईल एवढी फट पडलेली असते. नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान निघते, दोन पानांमधले पेर आखूड राहते आणि मनी प्लांटचा वेल सहा महिन्यांत वीतभरही पुढे सरकत नाही. पानांची टोके तपकिरी होतात, कडा करपतात, कुंडीच्या काठावर पांढरा खरखरीत थर धरतो, बुडाच्या छिद्रातून मुळे बाहेर डोकावतात. यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसत असतील तर पुढचा क्रम त्याच कुंडीसाठी आहे. माती ओली असूनही पाने मलूल पडत असतील तर मात्र ते वेगळे दुखणे असते. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

जळगावात राहत असल्यामुळे आणि नातेवाईक भुसावळपासून धुळ्यापर्यंत पसरलेले असल्यामुळे अशा कुंड्या दुरुस्त करण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आपोआप येत राहिले आहे. तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : "भाऊ, पानी तं रोज टाकस मी." ते खरेही असते. परंतु आजवर उघडून पाहिलेल्या कुंड्यांपैकी बहुतेकींमध्ये माती लवकर सुकत नव्हती, ती मुळात आतपर्यंत भिजलेलीच नव्हती. वरची इंचभर माती भिजायची, उरलेले पाणी कडेने निघून जायचे, आणि मुळांच्या वाट्याला काही येत नसल्यामुळे रोप जागच्या जागी थांबलेले असायचे. लवकर सुकणे आणि वाढ खुंटणे या दोन तक्रारी अशा रीतीने पुष्कळदा एकाच दोषाची दोन तोंडे असतात. म्हणून खताची पुडी फोडण्यापूर्वी पुढील तपासण्या ओळीने कराव्यात. पहिल्या तीन-चार तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

काडी आणि वजनकाटा

पहिली तपासणी म्हणजे माती खरोखर कोठपर्यंत सुकली आहे हे पाहणे. बांबूची पातळ काडी, विणायची सुई किंवा जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत बुडाच्या जवळपास पोहोचेपर्यंत हलकेच खुपसावी, पाच मिनिटे तशीच ठेवावी आणि बाहेर काढून पाहावी. काडीला ओलसर माती चिकटली तर वरचा कोरडेपणा केवळ वरचाच आहे, आणि खानदेशातल्या कोरड्या हवेत तो असणारच. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा वरची इंचभर माती एका दिवसात कोरडी होण्यात दोष काहीच नाही. हा फरक आधी कळला नाही तर माणूस वरचा रंग पाहून रोज पाणी घालत राहतो आणि बुडाशी मुळे कुजतात. शेतकऱ्याला जमिनीचा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहिल्याशिवाय पाभर (पेरणीचे अवजार) घालावीशी वाटत नाही. कुंडीच्या बाबतीत मात्र त्याच घरातली माणसे वाफसा न पाहता तांब्या उपडा करतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

काडी सर्व लांबीभर कोरडी निघाली तर दुसरी तपासणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करावी. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते, एवढीच गोष्ट येथे उपयोगाची आहे. कुंडीचे वजन करावे, मोजून पाणी घालावे, पंधरा मिनिटे पूर्ण निथळू द्यावे आणि पुन्हा वजन करावे. वजनात जेवढी भर पडली तेवढेच पाणी मातीने धरले.

आमच्या शेजारच्या घरातील पीस लिलीचे उदाहरण मुद्दाम सविस्तर देतो. कुंडी आठ इंची, प्लास्टिकची. वजन भरले २,१४० ग्रॅम. त्यात एक लिटर पाणी नेहमीप्रमाणे एका दमात ओतले, तेव्हा ७८० मिलिलिटर पाणी पाहता पाहता परातीत उतरले आणि कुंडीचे वजन २,३६० ग्रॅमवर थांबले. म्हणजे वहिनी रोज एक लिटर पाणी घालत होत्या आणि रोपाला त्यातले पेलाभरही मिळत नव्हते. मग तीच कुंडी काठापर्यंत बुडेल अशी बादलीत ठेवली, तर ती चक्क तरंगू लागली. हाताने दाबून धरल्यावर सात-आठ मिनिटे मातीतून बुडबुड्यांची माळ वर येत राहिली, आणि पाऊण तासाने बाहेर काढून निथळल्यावर वजन भरले ३,३१० ग्रॅम. पाने त्याच संध्याकाळी उभी राहिली. माती तीच होती, रोप तेच होते आणि पाणीही त्याच नळाचे होते. फक्त ते आत शिरले होते.

पाणी आत का शिरत नाही

याची दोन कारणे आहेत आणि खानदेशात ती दोन्ही भेटतात. पहिले आपल्या काळ्या मातीचे. कापसाला मानवणाऱ्या या मातीतली चिकणमाती पाणी मिळाले की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या याच गुणामुळे. कुंडीत ही माती आक्रसली की तिचा सबंध गोळा कडेपासून सुटतो, मग ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली धावते आणि गोळ्याच्या बाहेरची कातडी तेवढी ओली करून जाते. दुसरे कारण कोकोपीटचे. ओलसर असताना भरपूर पाणी धरणारा हा नारळाचा भुसा एकदा खडखडीत वाळला की पाणी झटकून टाकतो. त्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळताना दिसतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ-दहा दिवस माहेरी गेलेल्या घरांतून परतल्यानंतर मला जे फोन येतात, त्यांतल्या बहुतेक कुंड्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

उपाय वर सांगितलेलाच आहे : कुंडी अर्धा ते पाऊण तास बादलीत बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की बाहेर काढावी आणि पूर्ण निथळू द्यावी. कुंडी मोठी असल्यामुळे उचलता येत नसेल तर काठाजवळची फट खुरपीने माती ढकलून बंद करावी, वरची इंचभर माती हलक्या हाताने मोकळी करावी आणि पाणी तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी दहा मिनिटे थांबून घालावे. पहिल्या हप्त्याने वरचा थर ओला होतो आणि ओला थरच पुढचे पाणी आत ओढतो. त्यानंतर मात्र माती पुन्हा खडखडीत वाळू देऊ नये, नाहीतर हाच खेळ पुन्हा सुरू होतो. दर दिवशी पेलाभर पाणी घालण्यापेक्षा काडी दोन इंचांपर्यंत कोरडी निघाली की बुडातून पाणी येईपर्यंत एकदाच घालणे चांगले, कारण थोड्या पाण्याने मुळे वरच्या वर राहतात आणि वरचा थरच सर्वांत आधी सुकतो.

बुडवून काढलेल्या कुंडीचे वजन खडूने तिच्यावर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन करावे. आठ इंची कुंडी दिवसाला शे-दीडशे ग्रॅम उतरली तर उन्हाळ्याच्या मानाने ते ठीक आहे आणि दोष पाणी घालण्याच्या पद्धतीतच होता असे समजावे. तीनशे-चारशे ग्रॅम उतरत असेल तर माती खरोखरच लवकर सुकते आहे, आणि पुढच्या तपासण्यांची गरज आहे.

जागा : वारा, काच आणि काळोख

छताच्या पंख्याखाली ठेवलेली कुंडी बाजूच्या कोपऱ्यातल्या कुंडीपेक्षा लवकर सुकते, हे वजनकाट्यावर दोन दिवसांत दिसते. एसीची हवा कोरडी असते आणि तिचा झोत पानांवर येत असेल तर टोके करपतात. डेझर्ट कूलरची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याची हवा ओलसर असल्यामुळे कूलरच्या खोलीत रोपे एसीच्या खोलीपेक्षा सुखी असतात, फक्त ती झोताच्या तोंडाशी नसावीत. पश्चिमेच्या खिडकीची काच मे महिन्यात हात लावू देत नाही, तेव्हा त्या खिडकीपासून कुंडी निदान तीन फूट आत घ्यावी. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली.

वाढ खुंटण्याचे मोठे कारण मात्र या वाऱ्यात नसून अंधारात असते. मार्च संपता संपता आपल्याकडे खिडक्यांना वाळ्याचे तट्टे, हिरवी जाळी किंवा जाड पडदे लागतात आणि पाऊस पडेपर्यंत घर दिवसभर काळोखे राहते. माणसाला तो गारवा हवा असतो, पण रोपाचे अन्न उजेडातच तयार होते. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा : सावलीच्या कडा ठळक दिसल्या तर उजेड पुरेसा आहे, पुसट दिसल्या तर मनी प्लांट, सिंगोनियम यांच्यापुरता आहे, आणि सावलीच पडली नाही तर तेथे कोणतेही रोप फक्त जिवंत राहील, वाढणार नाही. अशा वेळी सकाळी सात ते नऊ पडदा बाजूला करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. पारा ४० च्या वर असताना आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी दहा अंशांच्या आसपास उतरते तेव्हा घरातली बहुतेक रोपे वाढ थांबवतात. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट तर एरवीही महिनोन्‌महिने हालत नाहीत. ती जाड कंदांत आणि पानांत पाणी साठवतात आणि त्यांचा स्वभावच सावकाश आहे. मे महिन्यात किंवा संक्रांतीच्या थंडीत पान निघाले नाही म्हणून तक्रार करू नये. जुलै ते ऑक्टोबर आणि फेब्रुवारी ते मार्च हे आपल्याकडे वाढीचे दिवस. त्या दिवसांत एकही नवे पान निघाले नाही तरच रोप खुंटले असे म्हणावे.

कुंडी

भाजलेल्या मातीची कुंडी आपल्या अंगातूनही पाणी सोडते. माठात पाणी गार होते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने त्या कुंडीतली माती सुकते. उन्हाळ्यापुरते रोप प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती मातीच्या कुंडीत बसवावी, किंवा मातीची लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवावी. मातीवर वाळलेल्या पाल्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा इंचभर थर दिला तरी वजनाची घट लक्षात येण्याइतकी कमी होते.

बुडाशी दोन-तीन इंच खडी घालण्याची जी सर्वत्र रीत आहे, ती मला पटत नाही. बारीक माती पूर्ण भिजून डबडबल्याशिवाय तिच्यातले पाणी खालच्या खडीत उतरत नाही, त्यामुळे खडीने निचरा सुधारत नाही. उलट सहा इंची कुंडीत जेमतेम दीड लिटर माती मावते आणि तिचा तिसरा भाग खडीने खाल्ला की पाणी धरायला उरते काय? छिद्रावर एक खापराचा तुकडा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा कापलेला चौकोन पुरतो.

पाणी कोणते

नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येणाऱ्या वसाहतींमध्ये कुंड्यांच्या वाट्याला बोअरचे पाणी येते, आणि ते बहुतेक ठिकाणी जड असते. पाणी उडून जाते, क्षार मातीतच राहतात. क्षार साठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढणे कठीण होते, म्हणजे माती ओलसर असूनही रोप तहानलेलेच राहते. पानांची टोके करपणे आणि काठावरचा पांढरा थर ही त्याची खूण. थर कोरडाच खरवडून टाकून द्यावा, तो मातीत मिसळू देऊ नये. मग कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट चांगले पाणी सावकाश तिच्यातून जाऊ द्यावे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी हे दोन-अडीच महिन्यांतून एकदा करावे. ताटलीत उतरलेले पाणी तेथेच ठेवले तर क्षार पुन्हा वर चढतात, म्हणून ते फेकून द्यावे.

दोन चुका खास आपल्याकडच्या आहेत. पाणी वाया जाऊ नये म्हणून कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंड्यांना घातले जाते. परंतु कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत घट्ट करत जातो, त्यामुळे आठवड्याअखेरचे ते पाणी बोअरच्या पाण्याहूनही खारट झालेले असते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पाण्याचीही तीच गोष्ट, ते फरशी पुसायलाच वापरावे. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारहीन असते आणि लोक ते गटारात सोडतात. पावसाळ्यात गच्चीवरचे चार-पाच कॅन भरून ठेवता आले तर स्पायडर प्लांट आणि ड्रॅसीना यांच्यासारखी टोके लवकर करपणारी रोपे दिवाळीपर्यंत खूश राहतात.

कुंडीतून रोप काढून पाहणे

येथपर्यंतचे सर्व करूनही कुंडीचे वजन झपाट्याने उतरत असेल आणि वाढीच्या दिवसांत नवे पान येत नसेल, तर मुळे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आदल्या दिवशी पाणी द्यावे, कुंडी आडवी करून कडेने थोपटावी आणि खोड बोटांमध्ये धरून गोळा सरकवावा. खोड ओढू नये. हे काम पहिला चांगला पाऊस झाल्यापासून जुलैअखेरपर्यंत किंवा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात करावे. मे महिन्यात मुळांना धक्का दिलेले रोप मी स्वतः दोनदा गमावले आहे आणि त्यांतला एक अरेका पाम पाच वर्षांचा होता.

तीन गोष्टी दिसू शकतात. पहिली, माती थोडी आणि मुळेच फार, कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली. अशा कुंडीत पाणी धरायला मातीच उरलेली नसते आणि वाढायला जागा नसते, म्हणून दोन्ही तक्रारी एकदम येतात. रोप दोन इंच मोठ्या कुंडीत हलवावे, बाहेरचा वेढा बोटांनी सोडवावा, सुटत नसेल तर धारदार सुरीने चार ठिकाणी उभा छेद द्यावा. एकदम फार मोठी कुंडी देऊ नये, कारण मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि आंबते.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ती मला सर्वांत जास्त वेळा सापडली आहे. बाहेरगावच्या रोपवाटिकांतून येणारी रोपे काळ्या पिशवीत चिकट लाल मातीच्या गोळ्यासह येतात, ज्याला माळी हुंडी म्हणतात. हुंडी फुटू देऊ नये असे विकणारा बजावतो, ते प्रवासापुरते बरोबरही असते. परंतु घरी तीच हुंडी तशीच काळ्या मातीच्या किंवा कोकोपीटच्या मिश्रणात बसवली जाते. मग भोवतालचे मिश्रण पाणी पिते आणि मधली हुंडी विटेसारखी कडक राहते. भुसावळच्या एका घरातले दीड वर्षाचे रबर प्लांट काढले तेव्हा भोवतालची माती हाताला गार लागत होती, आणि मधला नारळाएवढा लाल गोळा फरशीवर आपटला तर टणकन आवाज झाला. दीड वर्षात एकही मूळ त्यातून बाहेर पडलेले नव्हते. अशी हुंडी तासभर पाण्यात भिजत ठेवावी आणि बाहेरची निम्मी माती बोटांनी हलके हलके विरघळवून काढावी. मुळांच्या अगदी जवळची माती राहू द्यावी. तो रबर प्लांट जूनच्या अखेरीस बदलला, ऑगस्टमध्ये त्याला लाल टोकदार कोंब आला.

तिसरी गोष्ट म्हणजे कीड. मुळांवर पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. अर्धे कच्चे शेणखत वापरले असेल तर हुमणीच्या वाकड्या पांढऱ्या अळ्या सापडतात आणि त्यांनी बारीक मुळे कुरतडलेली असतात. त्या वेचून काढून माती बदलली की काम होते. मुंग्यांनी बिळे केली असतील तर पाणी त्या बिळांतूनच खाली जाते, तेव्हा कुंडी बुडवून ठेवणे हाच उपाय. हे सर्व पाहताना पानांची मागची बाजूही भिंगातून पाहून घ्यावी, कारण कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड फार लवकर वाढते आणि बारीक ठिपक्यांनी निस्तेज झालेली पाने पाण्याअभावी सुकल्यासारखीच दिसतात. पाने ओल्या फडक्याने दर तीन दिवसांनी पुसली तर ती आटोक्यात येते.

माती बदलायची असेल तर

नुसती काळी माती घरातल्या कुंडीत वापरू नये, आणि नुसते कोकोपीटही नको. मी चाळलेली काळी माती एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि जाड वाळू किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे एक भाग असे घेतो. वाळू जाडच हवी. बारीक वाळू काळ्या मातीत मिसळली तर ते मिश्रण वाळल्यावर गिलाव्यासारखे बसते. नदीकाठचा पोयटा, म्हणजे गाळाची माती, मिळत असेल तर काळ्या मातीऐवजी तो उत्तम. कोकोपीटच्या विटेत पुष्कळदा मीठ असते, म्हणून ती भिजवून, पिळून, पाणी दोनदा बदलून मगच वापरावी. कुंडीचा वरचा दीड इंच रिकामा सोडावा, म्हणजे पाण्याला थांबायला आणि मुरायला जागा राहते. काठोकाठ भरलेल्या कुंडीतले पाणी आधी खिडकीच्या कट्ट्यावर जाते.

खत सर्वांत शेवटी का

कोरड्या किंवा क्षार साठलेल्या मातीत घातलेले खत म्हणजे आणखी क्षार, आणि त्याने उरलीसुरली मुळे करपतात. पाणी नीट मुरू लागल्यावर आणि निदान एक नवे पान आल्यावरच खत द्यावे. आपल्याकडे पुष्कळ घरांत ठिबकमधून सोडण्यासाठी आणलेले १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत असते. ते दोन लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात, ओलसर मातीत, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा पुरते. शेतातल्या पिकाची मात्रा सावलीतल्या रोपाला लावू नये. नवीच पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर मातीत लोह नसते असे नाही. आपल्या चुनखडीयुक्त मातीत ते रोपाला उचलता येत नाही, आणि नत्र वाढवल्याने ते सुधारत नाही. अशा रोपाला मिश्रणातली काळी माती कमी करून पावसाचे पाणी द्यावे.

केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना केळीच्या साली कुंडीत पुरण्याचा मोह होतोच. त्या कुजेपर्यंत रोपाला काही मिळत नाही, चिलटे मात्र भरपूर मिळतात. साली खताच्या खड्ड्यात टाकाव्यात.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

खोडाचा बुंधा दाबल्यावर मऊ लागत असेल, मातीला आंबूस कुबट वास येत असेल आणि माती ओली असूनही पाने गळत असतील, तर पाणी ताबडतोब बंद करावे. मुळे काळी आणि लिबलिबीत झाली असतील तर हिरव्या शेंड्याची फांदी कापून नव्या मिश्रणात लावावी. जुने रोप वाचवण्याच्या खटाटोपात पडू नये.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचे) काम असण्याची शक्यता मोठी आहे. त्या कुंडीची माती दुसऱ्या कुंडीत वा बागेत टाकू नये, खुरपी उकळत्या पाण्याने धुवावी आणि स्वतः औषध न घालता सल्ला घ्यावा. शेतासाठी आणलेले दाणेदार कीटकनाशक घरातल्या कुंडीत कधीही, चिमूटभरही टाकू नये. बंद खोलीत त्याची वाफ माणसे घेतात, मुले माती चिवडतात. चौदा इंचांवरच्या कुंडीतले पाम किंवा रबराचे झाड एकट्याने उपटण्याचा प्रयत्नही करू नये, कारण त्यात पाठ आणि मुळे दोन्ही जातात. अनुभवी माळी दोन माणसांनिशी ते तासाभरात करतो.

आणि एकाच घरातल्या तीन-चार वेगवेगळ्या रोपांना, माती बदलूनही, पुन्हा तीच लक्षणे दिसू लागली तर दोष पाण्यात आहे असे धरून तपासणी करून घ्यावी. जळगावकरांना ममुराबादचे आणि रावेर-यावलच्या बाजूला पालचे कृषी विज्ञान केंद्र आहे, नंदुरबारला कोळद्याचे आहे, धुळ्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे. जाताना कुंडीतली साधारण अर्धा किलो माती सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत घ्यावी. खताच्या रिकाम्या पिशवीत ती नेऊ नये, कारण तिच्यातल्या कणांनी आकडे बिघडतात. बोअर पाच मिनिटे चालवून मग त्याच पाण्याने दोनदा विसळलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी भरावे, आणि उघड्या मुळांचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा.